रेषेला रेषा छेदू नये

पाणीपुरवठा मंडळ शहराला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी देत होते आणि ते नेमके कसे देते, हे मंडळात कोणालाही सांगता येत नव्हते. ही गंभीर बाब वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण पाणी येत होते. पण एके दिवशी दुसऱ्या एका मंडळाचे पाहुणे आले आणि चहा घेता घेता त्यांनी बड्या साहेबांना विचारले, "आपल्या संस्थेची एकूण रचना कशी आहे?"

"छान आहे," बडे साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी बॅगेतून आपल्या संस्थेचे रंगीत चित्र काढून टेबलावर पसरले. पिवळे, निळे, हिरवे चौकोन आणि त्यांच्यामधून धावणारे बाण. पाहुण्यांच्या शहरात आठवड्यातून एकदाच पाणी येते असे मागाहून कळले, पण चित्र मात्र दृष्ट लागण्यासारखे होते. पाहुणे गेल्यावर बडे साहेब बराच वेळ आपल्या खोलीच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसले.

महिन्याभरात सल्लागार आले. त्यांनी सगळ्यांना सभागृहात बसवून सांगितले की, जगातल्या मोठ्या संस्था आता शब्दांत बोलतच नाहीत, प्रमाणित चित्रभाषेत बोलतात. शब्दांचे शंभर अर्थ होतात, बाणाचा एकच होतो. माणसांची कामे पिवळी, संगणक निळे, यंत्रे हिरवी. सलग रेषेचा अर्थ एक, तुटक रेषेचा दुसरा, पोकळ टोकाच्या बाणाचा तिसरा. जे चित्रात आहे ते आहे आणि जे चित्रात नाही त्याने आधी चित्रात यावे.

"शंका?" सल्लागारांनी विचारले.

"पाणी कुठल्या रंगाचं?" मागून हिशेबनीस म्हणाले.

"चांगला प्रश्न आहे. पाणी ही आपल्या भाषेत वस्तूच नाही. ती सेवा आहे. आणि सेवेच्या चौकोनाचे कोपरे गोल असतात." हिशेबनिसांनी ते लिहून घेतले.

आता हे चित्र काढायचे कोणी? आस्थापना विभागाचे अधीक्षक नोकरीला लागल्यापासून प्रत्येक कागदावर पट्टीने समास आखत आले होते आणि त्याबद्दल आजवर त्यांची फक्त चेष्टाच झाली होती. बड्या साहेबांनी त्यांना चित्रप्रमुख नेमले. फिरती खुर्ची आली, भला मोठा पडदा आला, दारावर पाटी आली. अधीक्षक त्या दिवशी घरी गेले ते जमिनीपासून चार बोटे वरून. बायकोने भाजी आणायला सांगितली तेव्हा त्यांनी विचारले, "ही सलग रेषा समजू की तुटक?"

"पिशवी समजा आणि चालू लागा," बायको म्हणाली.

कचेरीत मात्र चित्रभाषेची साथच पसरली. कोणी कोणाला फाइल देईना, 'प्रवाह' पाठवू लागला. दोन कारकून भांडले की तिसरा म्हणे, "यांच्यातला संबंध आता तुटक झाला." कँटीनवाल्याच्या शेगडीला हिरवा चौकोन मिळाला आणि त्याला स्वतःला मिळालाच नाही, म्हणून तो दोन दिवस रुसून बसला. शेवटी अधीक्षकांनी त्याला पिवळा चौकोन दिला, तेव्हा कुठे चहा सुरू झाला.

अधीक्षकांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच मंडळात व्हॉल्व्हमन होता. त्याची भरती अगदी सरळ मार्गाने झाली होती. बायकोने सलग आठवडाभर अधीक्षकांशी अबोला धरला होता, एवढेच. पंपघराशेजारी टाकीखाली बसायचे, वेळ झाली की लोखंडी चावीने शहराचा व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ संपली की बंद करायचा. मधल्या वेळात तो झोपा काढी आणि उरलेल्या वेळात बढाया मारी. "सगळं शहर माझ्या मनगटावर आंघोळ करतं, भाऊजी," असे तो जेवताना म्हणायचा आणि ताई त्याच्या ताटात आणखी वाढायची. नुकतेच त्याचे लग्न ठरले होते. मुलीच्या वडिलांनी होकार दिला होता तो त्या मनगटाकडे बघून नव्हे, तर मंडळाच्या ओळखपत्राकडे बघून.

चित्र पुरे झाले. ज्या दिवशी दुपारी ते बड्या साहेबांसमोर मांडायचे, त्या दिवशी सकाळी सल्लागारांनी त्यावरून शेवटची नजर फिरवली आणि ते एका जागी थांबले.

"इथे रेषेला रेषा छेदते आहे."

"एकाच ठिकाणी," अधीक्षक म्हणाले.

"एकच भोक असलं तरी होडी बुडते. ज्या संस्थेत रेषा छेदतात, तिथे जबाबदाऱ्या छेदतात. हे चित्र मी असं दाखवू शकत नाही."

छेदणारी एक रेषा बड्या साहेबांच्या चौकोनातून त्यांच्या खोलीतल्या माहितीच्या पडद्याकडे जात होती. दुसरी व्हॉल्व्हमनच्या चौकोनातून व्हॉल्व्हकडे. बड्या साहेबांना हलवणे शक्य नव्हते, कारण त्यांचा चौकोन वर मधोमध हवा हे त्यांनीच तोंडी कळवले होते. अधीक्षकांनी मेहुण्याची रेषा वरून नेऊन पाहिली, खालून नेऊन पाहिली, हिशेबविभागाला वळसा घालून नेली तर ती हिशेबनिसांना छेदू लागली. सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. चित्रातलीच तर रेषा आहे, उद्या काढू परत, असे म्हणून त्यांनी बटण दाबले. रेषा गेली आणि चित्र एकदम स्वच्छ दिसू लागले. आपल्या हातून काहीतरी सुंदर झाले असे अधीक्षकांना मनापासून वाटले.

दुपारी टाळ्यांचा कडकडाट झाला. बड्या साहेबांनी चित्रावर सही केली आणि परिपत्रक काढले : आजपासून चित्र हेच मंडळ, चित्रात नसलेले काम कोणीही करू नये, केल्यास ते झाले असे धरले जाणार नाही.

त्याच संध्याकाळी सल्लागारांनी चित्राची नियमित साफसफाई केली. या भाषेत ज्या चौकोनाला एकही रेषा लागत नाही त्याला अनाथ चौकोन म्हणतात आणि चांगल्या चित्रात अनाथ ठेवत नाहीत. एकच सापडला. तो काढला. कर्मचाऱ्यांची यादी आता चित्रावरूनच तयार होत असल्यामुळे पुढच्या दिवशी सकाळची पाळी संपवून, व्हॉल्व्ह बंद करून मेहुणा डबा उघडतो आहे तोच त्याच्या हातात आदेश पडला. आपला मंडळातील कोणाशीही कोणताही संबंध आढळून येत नाही, सबब आपणांस मुक्त करण्यात येत आहे.

मेहुणा चावी जमा करायला भांडारात गेला. भांडारपालांनी हात मागे घेतले.

"कोणाकडून घेऊ?"

"माझ्याकडून."

"तू नाहीयेस रे बाबा. नसलेल्या माणसाकडून चावी घेतली तर बाण कुठून काढू? माझी पेन्शन जवळ आलीय."

तेव्हा मेहुणा ती मनगटाएवढी जाड चावी खांद्यावर टाकून ताईच्या घरी आला. शहराच्या पाण्याची चावी अधीक्षकांच्या सोफ्यामागे उभी राहिली आणि मेहुणा सोफ्यावर आडवा झाला.

अधीक्षक घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. "अहो, माझ्या भावाला काढलं म्हणे?"

"काढलं नाही. चित्रातून वगळलं."

"कोणी?"

"पद्धतीने," अधीक्षक म्हणाले. खरे सांगावे असे त्यांना क्षणभर वाटले, पण जेवायचे अजून व्हायचे होते.

"त्या पद्धतीला म्हणावं, त्याचं लग्न ठरलंय. मुलीचे वडील विचारतील, जावई कुठे कामाला? काय सांगू?"

अधीक्षकांना मेहुण्याकडे बघवेना. तो सोफ्यावरून केविलवाणा हसला.

त्या संध्याकाळी शहराला पाणी आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही आले नाही. मंडळाचे फोन खणखणू लागले. बड्या साहेबांनी आपल्या खोलीतल्या पडद्याकडे पाहिले. तिथे विहिरीतून पंपाकडे, पंपाकडून टाकीकडे आणि टाकीतून ग्राहकाकडे निळे बाण सुरेख धावत होते. "पाणी चालू आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन खाली ठेवला. त्यांच्या बंगल्यात स्वतःची विहीर होती.

तिसऱ्या दिवशी हिशेबनीस अर्धी दाढी करून कचेरीत आले तेव्हा बैठक बोलवावी लागली. पंपचालक उभा राहून म्हणाला, "साहेब, व्हॉल्व्ह माझ्यापासून चार पावलांवर आहे. मी फिरवतो की."

"तुझ्या चौकोनातून व्हॉल्व्हकडे बाण जातो का?" सल्लागारांनी विचारले.

"नाही."

"मग तू चार पावलांवर नाहीस. तू पंप चालव."

पंपचालक पंप चालवत होताच. टाकी भरून वाहत होती आणि जादा पाणी सोडण्यासाठी घातलेल्या जुन्या नळातून ते मुकाट्याने परत विहिरीत जात होते.

"पण व्हॉल्व्ह फिरवणार कोण?" अधीक्षकांनी धीर करून विचारले. त्यांचे डोळे रात्री सोफ्याच्या करकरण्याने तारवटले होते.

सल्लागार प्रसन्न हसले. त्यांनी फळ्यावर दोन आडव्या पट्ट्या काढल्या. "हे आजचं पठार. हे उद्याचं पठार. उद्याच्या पठारावर व्हॉल्व्ह आपोआप फिरेल, माणूस लागणारच नाही. चित्रात तो आलेला आहे."

"आणि मधे?"

"मधे दरी. आपल्या भाषेत तिला दरीच म्हणतात."

"दरीत काय असतं?"

"काही नसतं. म्हणून तर ती दरी."

"पण तोपर्यंत लोकांनी करायचं काय?"

सल्लागारांनी आपली चिन्हांची यादी चाळली. मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "'तोपर्यंत'ला आपल्या भाषेत चिन्ह नाही."

अधीक्षकांनी हे घरी सांगितले. मेहुणा उठून बसला. "म्हणजे मी दरीत आहे, भाऊजी?" त्याला ते बरेच पटलेले दिसले. त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला आणि ताईने डोळे वटारायच्या आत तो सांगून मोकळा झाला की, सध्या माझी नेमणूक दरीत आहे. ती जागा कुठे आली, असे वडिलांनी विचारले. दोन पठारांच्या मधे, असे त्याने सांगितले. लांबची बदली समजून वडिलांनी पंधरा दिवस विचार करायला मागून घेतले.

अधीक्षकांचे हाल आता कुत्रा खाईना. पहाटे उठून दोन गल्ल्या पलीकडच्या हापशावरून ते बादल्या वाहत. त्यातले पहिले पाणी मेहुण्याच्या आंघोळीला जाई, उरलेल्यात स्वयंपाक होई आणि अधीक्षक ओल्या रुमालाने तोंड पुसून चित्र बघायला जात. बायको त्यांच्याशी फक्त बाणासारखे बोले : सरळ आणि एका दिशेने. शेवटी त्यांनी सल्लागारांना गाठले. "व्हॉल्व्हमनचा चौकोन परत घ्यावा म्हणतो."

"जरूर घ्या. हीच तर या भाषेची लवचिकता. फक्त रेषेला रेषा छेदू नये."

अधीक्षक पडद्यासमोर ठाण मांडून बसले. मेहुण्याला त्यांनी वर ठेवले, खाली ठेवले, पंपाच्या पाठीमागे लपवले. बड्या साहेबांची रेषा टाळून जिथे ठेवावे तिथे दुसरी कोणती तरी रेषा आडवी येई. या अडचणीचे मूळ शोधावे म्हणून ते एकेका रेषेवरून बोट फिरवत गेले आणि त्यांच्या ध्यानात आले की, सगळ्या आडव्या येणाऱ्या रेषा खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या एकाच चौकोनातून निघत आहेत. बिलविभागाकडे त्याची रेषा, तक्रारविभागाकडे त्याची रेषा, टाकीकडून त्याच्याकडे, हिशेबाकडून त्याच्याकडे. चौकोनात लिहिले होते : ग्राहक. सगळा गुंता त्या एकाचा होता.

अधीक्षक वाईट माणूस नव्हते. बटणावर बोट ठेवून ते बराच वेळ थांबले. मग त्यांना सोफ्याची करकर आठवली.

ग्राहकाचा चौकोन जाताच चित्राने मोकळा श्वास घेतला. मेहुण्याची रेषा व्हॉल्व्हपर्यंत सरळ सुतासारखी गेली. व्हॉल्व्हमधून निघणारा बाण तेवढा अधांतरी लोंबत राहिला. या भाषेत बाण अधांतरी ठेवता येत नाही, म्हणून तो त्यांनी जवळात जवळ होता त्या विहिरीच्या चौकोनाला नेऊन टेकवला. विहीर, पंप, टाकी, व्हॉल्व्ह आणि परत विहीर.

सल्लागारांनी ते पाहिले आणि अधीक्षकांचा हात हातात घेतला. "बंदिस्त वर्तुळ! इतक्या संस्था पाहिल्या, असं चित्र नाही पाहिलं. गळती शून्य. थकबाकी शून्य. तक्रारी शून्य."

"तक्रारी शून्य?" बडे साहेब खुर्चीतून उठले.

"तक्रार करणाराच चित्रात नाही, साहेब." बड्या साहेबांनी उभ्या उभ्याच सही केली. मंडळाला सर्वोत्कृष्ट रचनेचे पारितोषिक जाहीर झाले.

मेहुणा चावी खांद्यावर घेऊन वाजतगाजत कामावर गेला. मुलीच्या वडिलांना बदली झाल्याचे कळवण्यात आले आणि तारीख धरली गेली. त्या दिवशी बायकोने अधीक्षकांच्या ताटात भावाच्या आधी वाढले. अधीक्षकांनी ते खाल्ले, हात धुवायला नळ सोडला आणि नळ नुसताच फुसफुसला.

दुसऱ्या दिवशी ते तडक पंपघरावर गेले. मेहुणा व्हॉल्व्ह फिरवत होता, अगदी घाम गाळून. पण शहराचा नव्हे. विहिरीकडे परत जाणाऱ्या जुन्या नळाचा.

"अरे, हा कुठला फिरवतोस? शहराचा फिरव!"

मेहुण्याने भिंतीकडे हात केला. तिथे चित्राची प्रत प्लास्टिकचे वेष्टण घालून टांगली होती. "भाऊजी, माझा बाण विहिरीकडे जातो. शहर चित्रात दाखवा, लगेच फिरवतो."

"मी सांगतोय ना तुला!"

"तुम्ही सांगाल हो. तुमच्या चौकोनातून माझ्याकडे बाण येत नाही. मी एकदा दरीत जाऊन आलोय, भाऊजी. आता लग्न तोंडावर आहे."

शहर चित्रात दाखवायचे तर रेषा पुन्हा छेदणार होती आणि छेदली की कोणाचा चौकोन जाणार हे अधीक्षकांना पक्के ठाऊक होते. एका बाजूला सगळे शहर, दुसऱ्या बाजूला बायकोचा भाऊ. घरी येऊन त्यांनी पहिल्यांदाच सगळे खरे सांगून टाकले : पहिली रेषा कोणी पुसली, दुसरा चौकोन कोणी पुसला. बायकोने शांतपणे ऐकून घेतले. रिकामी बादली त्यांच्या हातात दिली.

"आधी त्याचं लग्न पार पडू दे," ती म्हणाली. "पाणी काय, येईल कधीतरी. आणि हापसा आहे की."

पारितोषिकानंतर चित्र भिंतभर मोठे करून मंडळाच्या दर्शनी दालनात लावले आणि नागरिकांना पाहण्यासाठी खुले केले. अपेक्षेपेक्षा गर्दी लोटली. बरेच जण हापशावर नंबर लावून मधल्या वेळात येत होते, त्यामुळे रांगेत बादल्यांचा खडखडाट चालू होता. चित्रासमोर आल्यावर मात्र सगळे गप्प होत. अधीक्षक हातात काठी घेऊन पिवळे, निळे, हिरवे समजावून सांगत होते. प्रत्येक बादलीगणिक त्यांचा आवाज खाली जात होता.

रांगेतले एक निवृत्त मास्तर चष्मा वर करून चित्राच्या अगदी जवळ गेले. "सुंदर आहे हो. पण यात आम्ही कुठे?"

आता सांगूनच टाकावे, असे अधीक्षकांना वाटले. लोक चिडतील, बादल्या फेकतील, चित्र फाडतील. फाडले तर बरेच होईल. त्यांनी काठी उचलली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या जागेवर टेकवली.

"इथे होतात," ते म्हणाले. "आता इथे काही नाही."

मास्तरांनी ती जागा खालपासून वरपर्यंत न्याहाळली. मग ते रांगेकडे वळले. त्यांचा चेहरा खुलला होता.

"बघितलंत? सगळ्या चित्रात सर्वांत मोकळी जागा आपल्याला ठेवलीय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या पांढऱ्या जागेपुढे उभे राहून फोटो काढण्यासाठी वेगळी रांग लागली आणि तिथे जरा ढकलाढकलीही झाली. अधीक्षक काठी खाली टाकून खुर्चीत बसले. त्यांना रडू येत होते, पण कोणाला ते दिसले नाही.

तुम्हीही त्या रांगेत होतात. मास्तरांच्या मागे, रिकामी बादली पायाशी ठेवून. तुमचा फोटो चांगला आला आहे. तुमच्या चेहऱ्यावरून एकही रेषा गेलेली नाही.